हुबळी की हुब्बळ्ळी?

मंडळी, बसस्टँडवर कंडक्टरची हाक ऐका. तो ओरडतो ‘चिक्कोडी, चिक्कोडी’ आणि त्याच्यासमोर पिशवी घेऊन उभी असलेली बाई विचारते, ‘चिकोडीची गाडी हीच काय हो?’ दोघांचं बरोबर जमतं. कन्नड निप्पाणीची निपाणी आणि हुब्बळ्ळीची हुबळी आपण मराठी माणसांनी अशीच करून घेतली. आपल्याला जोडाक्षर जमत नाही असं कुठंय? ‘पक्का’ म्हणताना आपण क् वर नेमके थांबतो. तसंच ‘हुब्बळ्ळी’त ब् वर ओठ मिटायचे, क्षणभर मिटलेलेच ठेवायचे, मग उघडायचे. पुढे ळ्ळ ला जीभ टाळूला टेकवून तोच थांबा. म्हणून बघा. झालं ना?

१ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं कन्नड वळणानं बदलली. त्या वादात मी आज शिरत नाही, मला फक्त उच्चार बघायचाय. आपण ‘बेळ्‌गाव्’ म्हणतो, मधला नि शेवटचा अ गिळून. कन्नड माणूस ‘बे-ळ-गा-वि’ असा एकेक स्वर मोजून देतो, आणि त्याचा ‘बे’ आखूड असतो. बाहेरचा निवेदक मात्र ‘बेलगावी’ म्हणतो, कारण रोमन लिपीत ळ ला स्वतःचं अक्षरच नाही. ळ च्या बाबतीत आपल्याकडे सीमावाद नाही, एवढं तरी बरं.

आता उलट बाजू. कन्नड माध्यमातून शिकलेल्याला मराठीचा कुठला आवाज छळतो? च, ज, झ. म्हणा बरं माझ्याबरोबर : माझा, माझी. पुन्हा एकदा : माझा, माझी. अक्षर तेच, पण ‘माझा’ला जिभेचं टोक दातांच्या मुळाशी गेलं आणि ‘माझी’ला जीभ मागे टाळूकडे सरकली. पुढे इ, ई, ए किंवा य आला की बहुतेक टाळूच. एरवी काय होईल ते शब्दावर आहे : चारा दाताजवळचा, चार टाळूचा. ‘चिंच’मध्ये तर एकाच शब्दात दोन्ही च! लिपी यातलं काहीच सांगत नाही. आपण घरी ऐकून शिकलो, म्हणून आपल्याला ते सोपं वाटतं. कन्नडमध्ये दाताजवळच्या ‘च’ला वेगळं अक्षर नाही, त्यामुळे चव्हाण, जाधव, चौगुले ही आडनावं हजेरीत टाळूवर चढतात. वर्गातली मराठी मुलं हसतात. मास्तरांना कळत नाही की हसायला काय झालं.

पण हसणाऱ्यांनी जरा बाजारात जाऊन ‘कोड्री’, म्हणजे ‘द्या हो’, असं कन्नडमध्ये म्हणून दाखवावं. कन्नडमध्ये ए आणि ओ आखूड-लांब असे दोन-दोन असतात, त्यांना अक्षरंही वेगळी. आखूड ओ चा ‘कोडु’ म्हणजे दे, लांब ओ चा ‘कोडु’ म्हणजे शिंग. देवनागरीत आपण दोन्ही एकसारखेच लिहितो, म्हणून आपला ओ लांबतो. भाजीवाली शिंग काढून देणार नाही, मेथीच देईल; पण तुम्ही कुठल्या गल्लीतले ते तिला लगेच कळतं.

गावांच्या नावात दोन रूपं राहिली तर माझी काही हरकत नाही. सौंदत्ती आणि सवदत्ती शेजारी नांदतात. माणसाच्या नावाचं तसं नाही. तिथं घरी आईबाप हाक मारतात तो उच्चार धरायचा. माझी शिक्षकांना सूचना एवढीच, की जूनमध्ये पहिल्या दिवशी हजेरी तुम्ही वाचू नका, मुलांनाच आपापलं नाव सांगू द्या आणि तुम्ही हजेरीपटावर नावाशेजारी पेन्सिलीनं खूण करा. दाताजवळच्या च, ज, झ ला खाली एक टिंब पुरे. कन्नड शिक्षकानं मराठी नावांना हे टिंब द्यायचं आणि मराठी शिक्षकानं कन्नड नावांतल्या आखूड ए-ओ ला दुसरी एखादी खूण करायची. मागे कुणीतरी हात वर केलाय. हां, विचारा.