आयत्या वेळचे विषय

मंडळी, पत्रिकेवर विषय छापला आहे 'सार्वजनिक विद्यापीठांतली प्रशासकीय भरती: समस्या आणि उपाय'. समस्या या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी भोगल्या आहेत, उरलेल्या निम्म्यांनी त्यांच्यावर सह्या केल्या आहेत. त्यामुळे त्या भागावर पाचच मिनिटं घ्यायची आणि बाकीचा वेळ उपायांना द्यायचा, असं ठरवून आलोय. बघू.

सांगायचं ते एवढंच की वशिला मुलाखतीच्या खोलीत शोधू नका. तिथे पाण्याच्या बाटल्या, काजू आणि बाहेरगावचे तज्ज्ञ असतात. वशिल्याचं काम त्याच्या कितीतरी आधी, एका दीड पानाच्या टिपणीत होऊन गेलेलं असतं. आणि ती टिपणी लिहायची सोय करून देते ती पैशाची टंचाई. विद्यापीठाकडे पैसा नसला की भरती थांबते, असं आपण म्हणतो. थांबते ती जाहिरातीची भरती. दुसरी चालूच असते.

पैशाचं गणित तुम्हाला ठाऊक आहे. शासन पगार देतं तो मंजूर आकृतिबंधातल्या, म्हणजे शासनाने मान्य केलेल्या पदसंख्येतल्या पदांचा. बाकीचा भार विद्यापीठाच्या स्वनिधीवर, म्हणजे मुख्यतः परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्कावर. महाविद्यालय स्वायत्त झालं की परीक्षा तिकडे जाते आणि शुल्काचा मोठा वाटाही. विद्यापीठाचं विभाजन झालं तर आणखी पंचाईत. २००४ मध्ये सोलापूर वेगळं झालं, २०११ मध्ये गोंडवाना. विभाजनात महाविद्यालयं वाटून घेता येतात. कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी आणि परीक्षा संचालक मात्र अर्धे करता येत नाहीत. दोन्हीकडे अख्खे लागतात. काहींच्या बाबतीत अर्धा पुरला असता, पण ते असो.

तर आता एक फाइल घेऊ. कुठल्याही विद्यापीठाची घ्या, परीक्षा विभागातली. कनिष्ठ लिपिकाची पदं रिक्त आहेत. मंजूर पदं, वेतनश्रेणी एस-६, म्हणजे १९,९०० ते ६३,२००. रीतसर भरायची तर काय करावं लागतं? शासनाची परवानगी, त्यात वित्त विभागाची हरकत नको. बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची याचा तक्ता, अद्ययावत करून विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची. मग जाहिरात, परीक्षा, कागदपत्रं. यातलं एक पाऊल अडलं की पुढची सगळी अडतात. नामावली तपासून येते आणि आरक्षणाची रचनाच बदलते. २०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के आले, २०२४ मध्ये एसईबीसीचे, म्हणजे मराठा आरक्षणाचे, १० टक्के आले. बिंदू पुन्हा मोजा. तोवर तपासणारे अधिकारी बदललेले, नवीन साहेबांना जुना तक्ता वेगळ्या नमुन्यात हवा.

इकडे हिवाळी परीक्षा काही थांबत नाही. मग टिपणी निघते: 'परीक्षेचे काम कालमर्यादित स्वरूपाचे असल्याने, विद्यार्थिहित लक्षात घेता, तूर्त सहा महिन्यांकरिता ठोक मानधनावर.' या वाक्यातला शब्द न् शब्द खरा असतो. टिपणी अडवता येत नाही ती म्हणूनच. अडवणारा अधिकारी विद्यार्थ्यांचा शत्रू ठरतो. विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम १२(७) प्रमाणे तातडीच्या बाबतीत कुलगुरूंना थेट निर्णय घेता येतो, नंतर संबंधित प्राधिकरणाला कळवायचं. पूर आला, पेपर फुटला, तर असा अधिकार हवाच. पण ज्याची निवृत्तीची तारीख रुजू होतानाच ठरली होती, त्याची खुर्ची रिकामी होणं ही तातडीची बाब कशी?

नावं कुठून आली, हे टिपणीत नसतं. 'प्राप्त अर्जांतून' असं लिहिलेलं असतं. जाहिरातच नव्हती तर अर्ज कशाच्या आधारे प्राप्त झाले, हे विचारायची पद्धत नाही. मग फाइल व्यवस्थापन परिषदेत जाते. विषयपत्रिकेत नाही हं. पत्रिका आधी वाटावी लागते, सदस्य वाचतात, निदान काही वाचतात. ही जाते 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या शेवटच्या सदरात. संध्याकाळचे साडेसहा, अर्ध्या सदस्यांना गाडी गाठायची आहे. 'कार्योत्तर मान्यता देण्यात आली.' म्हणजे काम आधी, मंजुरी नंतर. लोकशाहीत भूतकाळ बदलायची सोय एवढ्या स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

सहा महिन्यांनी मुदतवाढ, मग अकरा महिन्यांचा आदेश, मध्ये दोन दिवसांचा खंड. अकरा महिन्यांबद्दल प्रशासनात एक अढळ श्रद्धा आहे की त्यामुळे हक्क निर्माण होत नाही. औद्योगिक विवाद कायद्यातली सलग सेवेची मोजणी २४० दिवसांची होती. ते नवव्या महिन्यापर्यंत भरतातच. आणि माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवणं ही राज्याच्या १९७१ च्या कायद्यात, चौथ्या अनुसूचीतल्या सहाव्या बाबीत, अनुचित कामगार प्रथा आहे. म्हणजे खंड दिल्याने विद्यापीठ वाचत नाही. फक्त ज्याचा कोणी नाही त्याचा दोन दिवसांचा पगार जातो, आणि कधीकधी खंडानंतरचा आदेशच निघत नाही. ज्याचा कोणी आहे त्याचा आदेश खंडाआधीच तयार असतो.

मग कोणीतरी हुशारीने सुचवतं की माणसं पुरवणारी एजन्सी नेमा. ६ सप्टेंबर २०२३ ला राज्याने नऊ एजन्सींचा शासन निर्णय काढला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरात मागे घेतला, हे तुम्हाला आठवत असेल. निर्णय गेला, मोह गेला नाही. म्हणून हिशेब मांडू. माणसाला १५,००० ठरले असं धरा. भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा हिस्सा प्रशासकीय शुल्कासह १३ टक्के, १,९५०. कर्मचारी राज्य विमा ३.२५ टक्के, ४८७ रुपये ५० पैसे. एजन्सीचा सेवा आकार ५ टक्के धरा, ८७२. सगळ्यावर जीएसटी १८ टक्के, ३,२९६. विद्यापीठाच्या खात्यातून गेले सुमारे २१,६०५. त्या पोराच्या हातात, निधी आणि विम्याची कपात जाऊन, व्यवसायकर सोडून, १३,०८७. निधी आणि विमा निदान त्याच्या नावावर जमा होतो, आणि भरला जातोय का हे चलन बघून तपासावं लागतं. पण सेवा आकार आणि जीएसटी मिळून दरमहा ४,१६८ रुपये गेले. शंभर माणसं असली तर वर्षाला ५० लाख. तीच माणसं विद्यापीठाने स्वतः कंत्राटावर घेतली तर हे दोन्ही लागत नाहीत. गरीब विद्यापीठाने काटकसर म्हणून काढलेला हा मार्ग आहे. आणि वशिला संपतो म्हणावं, तर एजन्सीला यादी कोण देतं?

वरच्या पातळीवर याचंच नाव 'प्रभारी'. कुलसचिवपद रीतसर भरलं तर पाच वर्षांची मुदत मिळते, तो माणूस 'नाही' लिहू शकतो. प्रभारी एका ओळीच्या आदेशाने येतो आणि तसाच जातो. म्हणून त्याच्या टिपणीत 'नाही' हा शब्द सापडत नाही. फार झालं तर 'चर्चा करावी'. आणि मधल्या पातळीवर समन्वयक, सल्लागार, विशेष कार्य अधिकारी. प्रत्येकाचं पदनाम निराळं, कारण एकाकी पदाला, म्हणजे त्या नावाचं एकच पद असेल तर त्याला, आरक्षण लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलंय. दहा सारखी पदं दाखवली तर बिंदू लागतात. दहा वेगळी नावं दिली की दहा एकाकी पदं होतात. मराठी शब्दसंपदेत विद्यापीठांनी केलेली ही मोलाची भर.

चिठ्ठी आली, सहा मिनिटं राहिली म्हणे. म्हणजे उपाय आता आयत्या वेळचे विषय झाले. पटापट सांगतो.

पहिलं, कॅलेंडर. पुढच्या तीन वर्षांत कोण निवृत्त होणार याची यादी आस्थापना विभागाकडे आजच असते. जागा रिकामी व्हायच्या बारा महिने आधी नामावली तपासणीला गेली पाहिजे. गेली नाही, तर त्या पदावर तातडीचं कारण देता येणार नाही, असा ठराव परिषदेने करावा. परिषदेच्या हातातली गोष्ट आहे, शासनाकडे जायची गरज नाही.

दुसरं, नियुक्ती, मुदतवाढ आणि मानधनवाढ हे तीन विषय आयत्या वेळी घ्यायचे नाहीत. कार्योत्तर मान्यता मागितली तर आधी मान्यता का घेतली नाही, याचं कारण इतिवृत्तात नोंदवायचं.

तिसरं, प्रभारी सहा महिन्यांचा. सातव्या महिन्यात जाहिरात नसेल तर विषय अधिसभेसमोर, म्हणजे सिनेटसमोर.

चौथं, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे कर्मचाऱ्यांची यादी आणि मासिक वेतन आपणहून प्रसिद्ध करायचं असतं. आपली विद्यापीठं कायम सेवकांची यादी टाकतात, तीही जुनी. कंत्राटी आणि एजन्सीची माणसं त्यात हवीत. रकाने पाच: पद, मंजूर की स्वनिधीतलं, पहिल्या आदेशाची तारीख, जाहिरात झाली का, मुदतवाढी किती. शेवटचे दोन रकाने भरायला सांगा, म्हणजे फोन वाजायला लागतील.

पाचवं, लेखी परीक्षा. केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. लिपिकाची मुलाखत घेऊन काय कळतं? तो कुणाचा आहे, हे.

राहिला अवघड प्रश्न, आज आहेत त्यांचं काय. सगळेच वशिल्याचे नाहीत. निकाल वेळेवर लागतात ते यांच्याच जिवावर. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाने बेकायदा आणि अनियमित नियुक्तीत फरक केला आणि मंजूर रिक्त पदावर, पात्रता असलेल्या, दहा वर्षं काम केलेल्यांसाठी कायम होण्याची एक वाट ठेवली. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावलं की वर्षानुवर्षं राबवून घेतलेल्यांना डावलायला उमादेवी हत्यार म्हणून वापरू नका. पण बहुतेक वेळा 'मंजूर पद' या दोन शब्दांवरच गाडी अडते. दोघं एकाच टेबलावर दहा वर्षं बसतात. एकाच्या आदेशात 'रिक्त पदासमोर' असतं, दुसऱ्याच्या आदेशात 'स्वनिधीतून'. ते कोणी लिहिलं आणि कोणासाठी, हे त्या दुसऱ्याला दहा वर्षांनी वकील सांगतो. म्हणून यादी करताना आधी हा रकाना तपासा, पदं रिक्त असताना ज्यांना स्वनिधीत टाकलं त्यांची प्रकरणं वेगळी काढा, आणि पहिल्या जाहिरातीत त्यांना वयाची सवलत आणि अनुभवाचे गुण द्या. गुण किती, यावर वाद होईल. तो प्रश्नोत्तरात घेऊ, अध्यक्षांनी परवानगी दिली तर.