बाईंच्या वर्गातल्या मुली

[दृश्य: कलकत्ता, एन्टाली. एक उंच भिंत. पलीकडून झाडांचे शेंडे डोकावतात.]

ही भिंत नीट पाहून घ्या. आपली गोष्ट या भिंतीच्या दोन्ही बाजूंना घडते.

आत लोरेटो या कॅथलिक संघाच्या धर्मभगिनींचं आवार आहे. या भगिनी 1841 मध्ये आयर्लंडहून कलकत्त्याला आल्या आणि मुलींसाठी शाळा काढत गेल्या. एन्टालीच्या आवारात इंग्रजी माध्यमाची शाळा होती, आणि तिच्या शेजारी होती सेंट मेरीज, बंगाली माध्यमाची. भिंतीच्या बाहेर मोतीझील. नाव मोत्यांच्या तळ्याचं, वस्ती झोपड्यांची.

सेंट मेरीजमध्ये एक बाई भूगोल आणि इतिहास शिकवायच्या. आजच्या उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोप्ये शहरातून आलेल्या, जन्माने अल्बेनियन, घरचं नाव ॲग्नेस. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्या बंगाली इतकं सहज बोलत की लोरेटोत त्यांना 'बंगाली तेरेसा' म्हणत. 1944 मध्ये त्या मुख्याध्यापिका झाल्या.

मदर तेरेसांवर आजवर पुष्कळ बोललं गेलं आहे. आपल्याला आज त्यांच्यासमोर बाकांवर बसलेल्या मुलींकडे जायचं आहे. शाळा सुटली, मॅट्रिक झाली. मग या मुलींचं पुढे काय झालं?

[दृश्य: शाळेचं फाटक. शनिवारची वेळ.]

त्याआधी या फाटकाजवळ थोडं थांबू. शाळेत मुलींचं एक भक्तिमंडळ होतं. फादर ज्युलियन हेन्री त्याचं मार्गदर्शन करायचे. या मंडळातल्या मुली सुटीच्या दिवशी बाहेर पडायच्या. काही जणी आजच्या नीलरतन सरकार रुग्णालयात रुग्णांना भेटायला जायच्या, काही मोतीझीलच्या वस्तीत. बाई मात्र आत. लोरेटोच्या नियमाप्रमाणे धर्मभगिनींना आवाराबाहेर पडण्याची मुभा जवळजवळ नव्हतीच.

मला ही गोष्ट फार मोठी वाटते. भिंत आधी ओलांडली ती विद्यार्थिनींनी. बाहेर काय चाललं आहे, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोण अंथरुणाला खिळलं आहे, हे बघून त्या परत यायच्या. बाई ऐकायच्या. शिकवणं-शिकणं इथे दोन्ही दिशांनी चाललं होतं, आणि आपण मात्र नेहमी एकच दिशा सांगत आलो.

मग 16 ऑगस्ट 1946 उजाडला. शहरात हिंदू-मुस्लिम दंगली पेटल्या, कत्तली सुरू झाल्या, वाहतूक थांबली, धान्य येईना. वसतिगृहात सुमारे 300 मुली उपाशी. त्या दिवशी मात्र बाई नियम बाजूला ठेवून रस्त्यावर आल्या. रस्त्यात प्रेतं पडली होती. गस्तीवरच्या सैनिकांनी त्यांना अडवलं आणि तांदळाची पोती देऊन लॉरीतून परत पोहोचवलं. पुढच्याच महिन्यात, 10 सप्टेंबरला, दार्जिलिंगच्या वाटेवर आगगाडीत त्यांना ती हाक ऐकू आली: मठ सोड, गरिबांत जाऊन राहा. परवानगी मिळायला जवळजवळ दोन वर्षं गेली. ऑगस्ट 1948 मध्ये निळ्या काठांची स्वस्तातली पांढरी सुती साडी नेसून बाई शाळेबाहेर पडल्या.

पाटण्याला त्यांनी रुग्णसेवेचं थोडं शिक्षण घेतलं आणि डिसेंबरात त्या मोतीझीलमध्ये उभ्या राहिल्या. फळा नाही, खडू नाही. जमिनीवर काडीने अक्षरं काढून त्यांनी शाळा सुरू केली. भिंतीपलीकडे त्यांची जुनी शाळा तशीच भरत होती.

[दृश्य: क्रीक लेन. तीन मजली जुनं घर, अरुंद जिना.]

हे 14, क्रीक लेन. गोम्स कुटुंबाचं घर. फेब्रुवारी 1949 मध्ये या कुटुंबाने वरचा मजला बाईंना राहायला दिला. सोबतीला सेंट मेरीजमध्ये स्वयंपाक करणारी एक विधवा बाई, चारूर मा. एक मोठी रिकामी खोली. खाली गोम्सांचा संसार.

19 मार्च 1949. जिन्यावर पावलं वाजली. दारात सुभाषिनी दास उभी होती. लहानपणापासून सेंट मेरीजमध्ये वाढलेली, अबोल, बारीक अंगाची मुलगी. ती राहायला आली होती.

धर्मभगिनी झाल्यावर नवं नाव घ्यायचं असतं. सुभाषिनीने ॲग्नेस हे नाव घेतलं. बाईंचं लहानपणीचं नाव, जे त्यांनी स्वतः मागे सोडलं होतं. आपण 'बाईंची मुलगी' असं सहज म्हणून जातो. या मुलीने तो शब्द अक्षरशः अंगावर घेतला.

पाठोपाठ मॅग्डालेना गोम्स आली. ती झाली सिस्टर गर्ट्रूड. मग आणखी एक, मग आणखी एक. सुरुवातीला आलेल्या दहाही जणी बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी होत्या. बाईंनी हे पुढे स्वतः कौतुकाने सांगितलं आहे.

या मुलींच्या घरी काय झालं असेल? चांगल्या घरातल्या मुली, कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेल्या, लग्नाच्या वयाच्या. फाळणीला दोन वर्षंही झालेली नाहीत, शहरात निर्वासितांचे लोंढे येत आहेत. अशा वेळी आपली लेक शाळेतल्या बाईंच्या मागे गटारांच्या काठाने वस्तीत फिरते, हे आईबापांना रुचणं सोपं नव्हतं. त्यांचा विरोध मला परका वाटत नाही. कुठल्याही आईच्या पोटात कालवलं असतं.

[दृश्य: रात्र. खिडकीत दिवा.]

पण क्रीक लेनमधली सगळ्यात सुंदर गोष्ट या दिव्याखाली आहे. काही मुलींचं शिक्षण अजून पुरं व्हायचं होतं. आता गरिबांची सेवा करायची, मग परीक्षा कशाला, असं बाईंनी म्हटलं नाही. उलट आधी अभ्यास पुरा करायला लावला. दिवसभर वस्तीत काम, आणि संध्याकाळी त्याच बाई वह्या उघडून पुन्हा शिकवायला बसत. त्यांनी लोरेटो सोडलं होतं, शिक्षकी पेशा सोडला नव्हता. मॅग्डालेनाला तर त्यांनी वैद्यकीय शिक्षणाला पाठवलं. सिस्टर गर्ट्रूड ही या संघातली पहिली डॉक्टर. उपाशी माणसाशेजारी बसायला प्रेम लागतं, पण त्याचा ताप उतरवायला औषध माहीत असावं लागतं, हे बाईंना कळत होतं. म्हणूनच मला त्या आधी शिक्षिका वाटतात.

7 ऑक्टोबर 1950 ला संघाला चर्चची मान्यता मिळाली. मिशनरीज ऑफ चॅरिटी. प्रत्येकीकडे मोजक्या साड्या, एक बादली, एक पातळ अंथरूण. खाली राहणाऱ्या गोम्सांना वरून हसण्याचे आवाज ऐकू यायचे. शेवटी त्या पोरीच होत्या, विशीतल्या. 1952 मध्ये कालीघाटला निर्मल हृदय उघडलं. रस्त्यावर मरायला टाकलेल्या माणसांना या मुली उचलून आणत, धूत, भरवत. वर्गात ज्यांनी नकाशे भरले होते त्याच हातांनी. 1953 मध्ये वरचा मजला अपुरा पडू लागला आणि सगळ्या जणी लोअर सर्क्युलर रोडच्या घरात गेल्या. त्याच वर्षी पहिल्या तुकडीने व्रतं घेतली.

[दृश्य: ऑस्लो, डिसेंबर. बर्फ.]

आता एकदम 26 वर्षं पुढे. 10 डिसेंबर 1979, नोबेल शांतता पुरस्काराचा समारंभ. परंपरेची मेजवानी मदरनी नको म्हटली, तो पैसा गरिबांना द्यायला सांगितला, ही हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्यासोबत कलकत्त्याहून कोण गेलं होतं ते पाहा. सिस्टर ॲग्नेस आणि सिस्टर गर्ट्रूड. क्रीक लेनचा जिना चढून आलेली पहिली मुलगी आणि दुसरी मुलगी. कॅमेरे साहजिकच मधल्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर खिळले. मला मात्र त्या गर्दीत सेंट मेरीजचा एक वर्ग दिसतो, तीस वर्षांनी बाईंसोबत सहलीला निघालेला.

सिस्टर ॲग्नेसने संघात मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळल्या, मदर परगावी असताना घर चालवलं. तिच्याविषयी फारसं छापून आलं नाही. ती तशीच राहिली, अबोल. 1997 पर्यंत संघ शंभराहून अधिक देशांत पोहोचला होता, सुमारे 4,000 सिस्टर त्यात होत्या. त्यातल्या बहुतेकींनी सेंट मेरीज कधी पाहिलंही नव्हतं.

1997 च्या मार्चमध्ये मदरनी संघाची धुरा सिस्टर निर्मलांकडे सोपवली. 9 एप्रिलला सिस्टर ॲग्नेस गेली. मदर तेव्हा कलकत्त्यातच होत्या, 86 वर्षांच्या, स्वतः आजारी. ज्या मुलीला त्यांनी भूगोल शिकवला होता, तिला आधी निरोप देण्याची वेळ त्यांच्यावर आली. 5 सप्टेंबरला त्याही गेल्या. सगळं जग त्या अंत्ययात्रेकडे पाहत होतं.

[दृश्य: क्रीक लेनचा जिना. रिकामा.]