डोळे झोनकडे लागलेले

(दृश्य : चेर्नोबिलच्या परिसरातले निर्मनुष्य रस्ते. इमारतींच्या भेगांतून वर आलेली झाडं.)

साल २००२. युक्रेनची राजधानी कीव्हमधून काही तरुण मंडळी उत्तरेकडे निघाली आहेत. वाट आहे चेर्नोबिलच्या निषिद्ध क्षेत्राची. इथे शास्त्रज्ञ येतात, पत्रकार येतात. ही मंडळी मात्र व्हिडिओ गेम बनवणारी आहेत. ती इमारतींचे, भिंतींचे, गंजलेल्या यंत्रांचे फोटो काढत फिरतायत. हेच फोटो पुढे गेममधल्या भिंतींवर चढणार आहेत.

या जागेचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या चौथ्या भट्टीत स्फोट झाला. केंद्रात काम करणाऱ्यांसाठी १९७० मध्ये वसवलेलं प्रिप्यात हे शहर तिथून हाकेच्या अंतरावर. वस्ती जवळपास ४९ हजार. दुसऱ्या दिवशी दुपारी बसगाड्या आल्या आणि अवघं शहर रिकामं केलं गेलं. काही दिवसांपुरतंच जायचंय, असं लोकांना सांगण्यात आलं होतं. कुणीच राहायला परतलं नाही. केंद्राभोवती तीस किलोमीटरचा परिसर बंद झाला. जगाने त्याला नाव दिलं झोन.

कीव्हपासून हे सगळं जेमतेम शंभर किलोमीटरवर.

(दृश्य : जुन्या संगणकाच्या पडद्यावर गेमची सुरुवातीची चित्रं.)

गेम बनवणाऱ्या कंपनीचं नाव जीएससी गेम वर्ल्ड. सेर्गेई ग्रिगोरोविच याने १९९५ मध्ये अगदी तरुण वयात सुरू केलेली. ‘कोसॅक्स’ या युद्धनीतीच्या गेमने तिला युरोपभर नाव मिळवून दिलं होतं. २००१ च्या अखेरीस कंपनीने ‘ऑब्लिव्हियन लॉस्ट’ नावाचा नवा गेम जाहीर केला. त्याच्या पहिल्या चित्रांत जंगल होतं, प्राचीन पिरॅमिड होते आणि विज्ञानकथेतली हत्यारं होती. चित्रं देखणी होती. पण तसे गेम तेव्हा ढिगाने येत होते.

मग टीमचं लक्ष स्वतःच्या दाराशी असलेल्या जागेकडे गेलं. सोव्हिएत विज्ञानकथालेखक स्ट्रुगात्स्की बंधूंच्या १९७२ च्या कादंबरीत असाच एक निषिद्ध ‘झोन’ होता, जीव धोक्यात घालून तिथल्या अजब वस्तू चोरून आणणारे ‘स्टॉकर’ होते. दिग्दर्शक तार्कोव्हस्कीने त्यावरून १९७९ मध्ये चित्रपट केला होता. सोव्हिएत काळात वाढलेल्या या मुलांना तो झोन कल्पनेतून ठाऊक होता. आणि खराखुरा झोन घरापासून दोन तासांवर होता. दोन्ही एकत्र आले. पिरॅमिड गेले, प्रिप्यात आलं. गेमचं नाव अखेर ठरलं ‘स्टॉकर : शॅडो ऑफ चेर्नोबिल’.

इथून प्रतीक्षा सुरू होते.

(दृश्य : आगपेटीएवढ्या व्हिडिओ खिडकीत चालणारा जुना ट्रेलर.)

लोक नेमकी कशाची वाट पाहत होते, हे नीट समजून घेऊ. नुसत्या गोळीबाराच्या गेमची टंचाई कधीच नव्हती. त्या काळच्या बहुतेक शूटर गेममध्ये तुम्ही एका बोळातून पुढे सरकता, समोर येईल त्याला मारता, दार उघडतं, पुढचा बोळ. दुसरीकडे रोल-प्लेइंग गेम. त्यात माणसं भेटतात, बोलतात, कामं देतात, बाजू निवडायला लावतात. पण लढाई बहुतेक वेळा आकड्यांवर चालते : ताकद किती, कौशल्य किती, फासा काय पडला. दोघांचा मेळ घालण्याचे प्रयोग झाले होते. १९९९ चा ‘सिस्टिम शॉक २’ आणि २००० चा ‘डेउस एक्स’ हे त्यातले गाजलेले. पण त्यांतही नायकाच्या अंगी कौशल्याचे गुण चढवावे लागत.

स्टॉकरने हे आकडे नायकाच्या अंगावरून काढूनच टाकले. माझ्या मते या गेमची खरी हुशारी इथेच आहे. तुमच्या पात्राची ‘लेव्हल’ कधी वाढत नाही. पहिल्या दिवशी गोळी लागून जितक्या सहज मरता, तितक्याच सहज शेवटच्या दिवशीही मराल, अंगावरचा पोशाख चांगला नसेल तर. वाढतं ते तुमचं सामान आणि तुमची समज. पाठीवर पन्नास किलोपेक्षा जास्त वजन झालं की दम लागतो. बंदूक वापरून वापरून झिजते आणि ऐन मोक्याला अडकते. भूक लागते. किरणोत्सर्गाची खूण दिसली की औषध शोधावं लागतं. जमिनीवर दिसत नसलेले सापळे असतात, त्यांना ‘अ‍ॅनोमली’ म्हणतात. पुढे पाऊल टाकण्याआधी खिशातला लोखंडी बोल्ट फेकायचा, हवा थरथरते का पाहायचं, मग चालायचं. त्या सापळ्यांच्या पोटातच ‘आर्टिफॅक्ट’ नावाचे अजब दगड सापडतात. पट्ट्याला एखादा अडकवला की रक्तस्राव थांबतो, दुसरा अडकवला की दम टिकतो, पण बदल्यात किरणोत्सर्ग अंगात भिनतो. नायक घडवायची रोल-प्लेइंगमधली सगळी आकडेमोड अशी चार-पाच दगडांत येऊन बसली. कुठला दगड पट्ट्यावर ठेवायचा आणि कुठला व्यापाऱ्याला विकायचा, हा निर्णय म्हणजेच तुमचं पात्र.

आणि या सगळ्याच्या वर एक वचन होतं. ए-लाइफ.

ए-लाइफ म्हणजे झोनमधल्या जिवांना चालवणारी यंत्रणा. इतर गेममध्ये शत्रू तुमच्या येण्याची वाट बघत एका जागी उभे असतात. इथे झोनमधला प्रत्येक स्टॉकर, प्रत्येक कुत्र्यांचा कळप, प्रत्येक डाकू आपापल्या उद्योगाला लागलेला असणार होता, तुम्ही तिथे असा वा नसा. जे तुमच्या जवळ आहेत त्यांच्या हालचाली पूर्ण तपशिलात घडतात. जे दूर आहेत त्यांचा हिशेब संगणक ढोबळ पद्धतीने ठेवतो : अमुक टोळी या ठिकाणाहून त्या ठिकाणी गेली, वाटेत गाठ पडली, दोघे मेले. तुम्ही तिथे पोहोचता तेव्हा प्रेतं पडलेली असतात, आणि ती कुणी मुद्दाम मांडून ठेवलेली नसतात. सुरुवातीची योजना तर याहून धाडसी होती. तुम्ही रमतगमत बसलात, तर दुसराच एखादा स्टॉकर झोनच्या मध्यापर्यंत पोहोचून तुमच्याआधी गेम संपवू शकेल, असं बनवणारे सांगत होते.

कल्पना करा, २००२-०३ मध्ये हे ऐकणाऱ्या खेळाडूवर काय परिणाम झाला असेल. आपल्यावाचून चालणारं जग. आपण त्यातले पाहुणे.

(दृश्य : दिनदर्शिकेची पानं.)

२००३ मध्ये येणार होता, आला नाही. २००४ आलं, गेलं. २००५ आलं, गेलं. मध्ये नवी चित्रं येत, नवे व्हिडिओ येत, आणि तारीख पुढे सरके. २००३ च्या शेवटी तर गेमची एक अर्धवट आवृत्ती फुटून इंटरनेटवर पसरली. ती जेमतेम चालायची. पण लोकांनी ती उतरवली, त्या ओसाड नकाशांत तासन्‌तास भटकले, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक चित्राची तिच्याशी तुलना करू लागले. एखाद्या गेमचा कच्चा आराखडा लोकांनी इतका पाठ करून ठेवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

एव्हाना बऱ्याच जणांनी या गेमवर पाणी सोडलं होतं. प्रकाशक होती अमेरिकेची टीएचक्यू. तिने अखेर डीन शार्प नावाच्या निर्मात्याला कीव्हला पाठवलं. त्याचं काम एकच : हे प्रकरण संपवायचं. मग कात्री चालली. गाड्या गेल्या. झोपण्याची सोय गेली. काही नकाशे, काही विद्रूप प्राणी गेले. ए-लाइफला लगाम बसला, कारण मोकाट सोडलं की ती कथाच बिघडवून टाके. ज्या माणसाला तुम्ही भेटायचं तो आधीच कुठेतरी मेलेला असे. दुसऱ्या स्टॉकरने गेम जिंकण्याची कल्पनाही गेली. इंजिन, म्हणजे गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, लिहिणारे काही महत्त्वाचे प्रोग्रॅमर कंपनी सोडून गेले आणि त्यांनी फोर-ए गेम्स काढली, तिचा ‘मेट्रो २०३३’ पुढे २०१० मध्ये आला.

मार्च २००७. स्टॉकर अखेर बाजारात आला.

त्या कात्रीबद्दल जुने चाहते आजही हळहळतात, आणि त्यांची हळहळ मला समजते. तरीही शार्पने केलं ते योग्यच केलं असं मी म्हणेन. न संपणाऱ्या गेममध्ये कुणालाच भटकता येत नाही. शिवाय जे उरलं ते थोडं नव्हतं. शेकोटीभोवती बसून गिटार वाजवणारे स्टॉकर होते. अंधारात दूरवर कुणाची तरी चकमक ऐकू यायची आणि तिच्याशी तुमचा काहीही संबंध नसायचा. प्रिप्यातमधला तो आकाशपाळणा होता, जो १ मे १९८६ ला सुरू व्हायचा होता. अधूनमधून गेम बंद पडायचा, जपून ठेवलेला खेळ (सेव्ह) बिघडायचा, हेही खरं. लोकांनी ते सोसलं.

(दृश्य : खेळाडूंनी बनवलेल्या मोडची दृश्यं.)

पुढे २००८ मध्ये ‘क्लिअर स्काय’ आणि २००९ मध्ये ‘कॉल ऑफ प्रिप्यात’ आले. पण चाहते मागेही वळून बघत होते. २००९ मध्ये कंपनीने स्वतःहून २००४ मधली एक जुनी बिल्ड, म्हणजे काम चालू असतानाची आवृत्ती, सर्वांसाठी खुली केली. मग काय, उत्खननच सुरू झालं. कापलेले नकाशे कुणी परत जोडले, गाड्या कुणी पुन्हा रस्त्यावर आणल्या, कारण त्यांचा कोड इंजिनात तसाच पडून होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘लॉस्ट अल्फा’ हा मोड, म्हणजे मूळ गेम बदलून चाहत्यांनी केलेली आवृत्ती, आला, हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून उभा केलेला, त्या हरवलेल्या गेमचा अवतार. नंतरच्या ‘अ‍ॅनोमली’ या फुकट मिळणाऱ्या मोडमध्ये तिन्ही गेमचा प्रदेश एकत्र झाला आणि ए-लाइफ पुन्हा मोकळी झाली.

दरम्यान दुसरी प्रतीक्षा चालूच होती. स्टॉकर २ ची घोषणा २०१० मध्ये झाली. २०११ च्या डिसेंबरमध्ये ग्रिगोरोविचने कंपनीच बंद केली. लोक पांगले. काही वर्षांनी कंपनी पुन्हा उभी राहिली, आता सूत्रं होती धाकटा भाऊ येव्हेनकडे. २०१८ मध्ये स्टॉकर २ पुन्हा जाहीर झाला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये गेममध्ये एनएफटी, म्हणजे मालकीची डिजिटल प्रमाणपत्रं, विकायची योजना कंपनीने मांडली. इतकी वर्षं थांबलेले चाहते असे काही खवळले की दोनेक दिवसांत ती गुंडाळावी लागली. प्रदर्शनाची तारीख २८ एप्रिल २०२२ होती, ती डिसेंबरवर गेली.

आणि मग २४ फेब्रुवारी २०२२ उजाडला.

(दृश्य : अंधार. सायरनचा आवाज.)

रशियाचं सैन्य उत्तरेकडून युक्रेनमध्ये शिरलं. ज्या वाटेने शिरलं, ती चेर्नोबिलच्या झोनमधून जात होती. पहिल्याच दिवशी अणुवीज केंद्र त्यांच्या ताब्यात गेलं. मार्चअखेरीस सैन्य मागे फिरेपर्यंत ते तसंच राहिलं. वीस वर्षं जी जागा ही मंडळी पडद्यावर उभी करत होती, तिच्यातून खरे रणगाडे कीव्हवर, त्यांच्या घरांवर चालून आले.

टीमचा एक भाग प्राग शहरात गेला आणि तिथे नवं ऑफिस थाटलं. अनेकजण युक्रेनमध्येच राहिले, वीज जाई, हल्ल्याचे भोंगे वाजत, त्यातच काम करत. काही सैन्यात गेले. ‘क्लिअर स्काय’वर काम केलेला व्होलोदिमिर येझोव २०२२ च्या डिसेंबरमध्ये पूर्व युक्रेनमधल्या बाखमुतजवळच्या लढाईत मारला गेला. गेमचं नाव युक्रेनी उच्चाराप्रमाणे ‘हार्ट ऑफ चोर्नोबिल’ झालं, रशियन आवाज काढून टाकले गेले, रशियातली विक्री थांबली. २०२३ मध्ये रशियन हॅकरांनी गेमचं साहित्य चोरलं आणि मागण्या पुढे केल्या. कंपनी बधली नाही. चोरीचा माल पाहू नका, इतकीच विनंती तिने चाहत्यांना केली. २००३ मध्ये फुटलेली आवृत्ती लोकांनी प्रेमाने डोक्यावर घेतली होती. या वेळची चोरी वेगळी होती, ती द्वेषातून झाली होती.

तारखा पुन्हा सरकत गेल्या : २०२३, २०२४ ची सुरुवात, मग सप्टेंबर. या वेळी मात्र उशीर का, असं विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

२० नोव्हेंबर २०२४ ला स्टॉकर २ आला. चौसष्ट चौरस किलोमीटरचा सलग झोन, मध्ये लोडिंग नाही. पहिल्या दोन दिवसांत दहा लाख प्रती विकल्या गेल्याचं कंपनीने जाहीर केलं. झोनचं आकाश, तिथलं वादळ, गवतातला वारा, सगळं पूर्वी कधी नव्हतं इतकं खरं. बोल्ट फेकायची सवय हाताला लगेच आठवली.

पण जुन्या खेळाडूंनी पहिल्या काही तासांतच ओळखलं. मागे वळून पाहावं तर आत्ता रिकाम्या असलेल्या शेतात पाच डाकू उभे. ते कुठून चालत आले नव्हते. गेमने त्यांना तिथे आणून ठेवलं होतं. ए-लाइफ नीट चालत नव्हती. कंपनीने ते उघडपणे मान्य केलं. डिसेंबरमध्ये आलेल्या मोठ्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, अठराशेहून अधिक दुरुस्त्या होत्या आणि त्यात ए-लाइफचं काम अग्रभागी होतं.

हे पटकन घडलेलं पाहून मला फार बरं वाटलं, कारण खेळाडूंची तक्रार बंदुकांबद्दल नव्हती, कथेबद्दल नव्हती. २००२-०३ पासून जे मागत होते तेच ते मागत होते : आपण नसतानाही चालू राहणारा झोन. त्याचे काही तुकडे २००७ मध्ये मिळाले, काही मोड बनवणाऱ्यांनी स्वतः जोडून घेतले. २०२४ च्या पॅचने आणखी थोडे हाती दिले. बाकीच्यासाठी लोक अजून थांबलेले आहेत, प्रत्येक नव्या पॅचची यादी आली की सगळ्यात आधी ‘ए-लाइफ’ हा मथळा शोधतात.