पाळीची गोळी द्या म्हणजे नक्की कुठली? माला डी घ्यायच्या आधी हे ऐका

नमस्कार मंडळी, आवाज येतोय ना नीट? मागून रिक्षांचा कलकलाट येईल थोडा, सिडकोत मेन रोडला दुकान म्हटल्यावर ते चालायचंच. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं म्हणून आत्ता शूट करतेय.

तर मी फार्मासिस्ट, आणि काउंटरला बाई उभी असते म्हणून बायका माझ्याकडे येऊन हळूच म्हणतात, "ताई, पाळीची गोळी द्या". आता या चार शब्दांत तीन वेगळ्या गोळ्या असू शकतात. एक असते पाळी पुढे ढकलायची, नवरात्रात वणीला गडावर जायचंय किंवा घरी सत्यनारायण आहे, त्यासाठी नॉरएथिस्टेरॉन घेतात, ती गर्भनिरोधक म्हणून नसते. दुसरी आय-पिल, म्हणजे संबंध आल्यानंतर 72 तासांच्या आत घ्यायची इमर्जन्सीवाली, आणि ती दर आठवड्याला घ्यायची गोष्ट नाही. आणि तिसरी ही, दिवस राहू नयेत म्हणून रोज घ्यायची, जिच्याबद्दल आज बोलायचंय. सरकारी दवाखान्यात माला एन नावाने फुकट मिळते, मेडिकलला माला डी, आतलं औषध तेच.

हे बघा, जवळ आणते, दिसतंय का? 28 गोळ्या आहेत. 21 पांढऱ्या, त्या हार्मोनच्या, लेव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्राडिओल 0.03 मिलिग्रॅम, दोन हार्मोन एकत्र म्हणून हिला कंबाइंड पिल म्हणतात. आणि या खालच्या 7 तपकिरी, त्या नुसत्या लोहाच्या. पांढऱ्या गोळ्या चालू असतात तेव्हा मेंदूकडून अंडाशयाला जो सिग्नल जातो तोच थांबतो, त्यामुळे अंडं बाहेरच पडत नाही, शिवाय गर्भपिशवीच्या तोंडाशी जो चिकट स्राव असतो तो घट्ट होतो. तपकिरी चालू झाल्या की दोन-तीन दिवसांत पाळीसारखं रक्त जातं.

आता या तपकिरी गोळ्यांची गंमत सांगते. एक वहिनी पट्टी घेऊन आल्या, पांढऱ्या सगळ्या संपलेल्या आणि तपकिरी गायब. विचारलं तर म्हणाल्या, त्या रक्तवाढीच्या आहेत ना, सासूबाईंना अशक्तपणा होता, त्यांना दिल्या! मला हसू आवरेना. तसं बघितलं तर त्या आठवड्यात काहीच नाही घेतलं तरी संरक्षण जात नाही, पण त्या गोळ्या मोजणीसाठी आहेत हो, हात रोज पाकिटाकडे जावा म्हणून. नाहीतर सात दिवसांची सुट्टी कधी नऊ दिवसांची होते ते कळतच नाही, आणि नेमकी तिथेच गडबड होते. मधली एखादी गोळी विसरण्यापेक्षा सुट्टी लांबवणं जास्त वाईट, कारण तेवढ्यात अंडाशय परत कामाला लागतं.

सुरुवात पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत करा, मग वेगळं काही लागत नाही. नंतर कधी सुरू केली तर सात दिवस कंडोम. एक गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्या, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त विसरल्या तर एक लगेच घ्या, बाकीची राहिलेली सोडून द्या, पुढच्या नेहमीच्या वेळेला आणि सात दिवस कंडोम, आणि हे जर पांढऱ्यांच्या शेवटच्या आठवड्यात झालं असेल तर तपकिरी न घेता डायरेक्ट नवीन पाकीट चालू करा. अगदी न चुकता घेतली तर वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत, पण खऱ्या आयुष्यात, म्हणजे गावाला गेलो, पाकीट घरी राहिलं, असं धरून साधारण सातजणींना जातात. मी तर सांगते मोबाईलला अलार्म लावा, किंवा टूथब्रशशेजारी ठेवा, कपाटात साड्यांखाली लपवली की विसरणारच.

फायदे म्हणाल तर पाळी वेळेवर येते, रक्त कमी जातं, पोटदुखी कमी होते, ज्यांचं हिमोग्लोबिन कायम आठ-नऊ असतं त्यांना हे फार मोठं आहे. पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी मागेपुढे होते तो त्रास, आणि पिंपल्ससाठी पण डॉक्टर देतात. अंडाशयाच्या आणि गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, हे फार जणींना माहीतच नाही. उलट घेत असताना स्तनाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो, तेही सांगायलाच पाहिजे. मूल होत नाही वगैरे म्हणतात ते खोटं, बंद केली की दिवस राहू शकतात. मळमळ, स्तन जड वाटणं, मधेच डाग लागणं हे पहिले दोन-तीन महिने होतं, रात्री जेवणानंतर घेतली की मळमळ कमी. आणि एचआयव्हीपासून गोळी वाचवत नाही, तिथे कंडोमच.

आता माझा खरा मुद्दा. ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, म्हणून कोणी काही विचारत नाही. मी स्वतः पहिल्या मुलानंतर घेतली, तेव्हा जिथून आणली तिथे माझं बीपीसुद्धा कोणी मोजलं नव्हतं, आणि मी तरी कुठे विचारलं! आता मी काउंटरवरच मशीन ठेवलंय. 140/90 किंवा वर आलं तर पाकीट देत नाही, आधी डॉक्टर.

मग विचारते, डोकं दुखतं का? इथे गंमत अशी की बायका अर्धशिशीला पित्त म्हणतात. "नाही हो, नुसतं पित्ताचं दुखतं". मग मी विचारते, दुखायच्या आधी डोळ्यापुढे चकाकत्या नागमोडी रेषा दिसतात का, हात बधिर होतो का? हो म्हणाल्या तर ही गोळी नाहीच, कारण त्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. पस्तिशीच्या पुढे आणि सिगारेट किंवा बिडी ओढत असाल तरी नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पाजताय, तरी ही नको, छाया नावाची बिनहार्मोनची गोळी किंवा कॉपर टी बघा. टीबीची रिफाम्पिसिन चालू आहे किंवा फिटच्या काही गोळ्या चालू आहेत, तर हिचा असरच कमी होतो, ते आधी सांगा.

सगळ्यात मोठी भीती रक्ताच्या गुठळीची. आकडे ऐका, घाबरू नका. वर्षभरात गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत साधारण दोघींना गुठळी होते, ही लेव्होनॉरजेस्ट्रेलवाली घेणाऱ्यांत पाच ते सातजणींना, आणि ड्रॉस्पिरेनोन नावाचं दुसरं हार्मोन असलेल्या गोळ्यांत नऊ ते बाराजणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहून जास्त असतो. म्हणजे धोका कमीच आहे, पण आईला किंवा बहिणीला गुठळी झाली असेल, किंवा मोठं ऑपरेशन होऊन झोपून राहायचं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, दम लागला, अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखलं किंवा दिसायचं बंद झालं, तर उद्या बघू करायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल, पाकीट पर्समध्ये घेऊन. आणि तिथे डॉक्टरांनी विचारलं कुठल्या गोळ्या चालू आहेत, तर सासरे शेजारी उभे असले तरी नाव सांगायचं.