चाकांची वर्दी

अध्यक्ष महोदय आणि रत्नागिरीकर श्रोतेहो, टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, हे तुम्हांला सांगायला नको. अनेक गाड्यांत ही खबर चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी बसवलेला सेन्सर रेडिओलहरींवरून देतो. आपल्याकडे या लहरी साधारण ४३३ मेगाहर्ट्झच्या असतात आणि दाब व तापमानाबरोबर प्रत्येक संदेशात त्या सेन्सरचा स्वतःचा, सहसा कधीच न बदलणारा क्रमांक जातो. शेजारच्या गाडीच्या चाकाशी गल्लत होऊ नये म्हणून तो क्रमांक हवाच. माझी तक्रार एवढीच आहे की बहुतेक गाड्यांत तो उघडा, कोणत्याही सांकेतिक कुलपाविना पाठवला जातो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत मुलांनी लॅपटॉपला एक स्वस्तातला रेडिओ रिसीव्हर जोडून ठेवला होता. पाऊस असा लागला होता की खिडकीतून समोरचा चिऱ्यांचा गडगाही दिसेना. माझी गाडी फाटकातून वळून अजून इमारतीच्या मागेच होती, तेव्हा पडद्यावर एक ओळ उमटली : चाकाचा क्रमांक, दाब, तापमान. ‘सर आले’ म्हणत मुले बाकांवर सरळ बसली, असे मला नंतर कळले. पुढे त्या नोंदी चाळून मी कोणत्या वारी उशिरा निघतो हेही मुले सांगू लागली, आणि त्यासाठी कोणालाही खिडकीपाशी उभे राहावे लागले नाही. मी गाडीच्या विक्रेत्याला याबद्दल विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘सर, एवढं कोण बघायला बसलंय?’ बघायला कोणी बसावेच लागत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटवता आले नाही.

कोकणात कोणाची गाडी कुठे गेली हे कळायला रेडिओ कशाला, तिठ्यावरची चहाची टपरी पुरे, असे तुम्ही म्हणाल, आणि ते खरेही आहे. परंतु टपरीवाला आपल्याला ओळखतो तसे आपणही त्याला ओळखतो, आणि चार दिवसांत तो विसरतो. हातखंब्याला रस्त्याकडेला लपवलेला रिसीव्हर कोणाचा आहे हे आपल्याला कळणार नाही, आणि तो काही विसरणारही नाही. नंबरप्लेट तर सगळ्यांनाच दिसते, हा आक्षेपही नेहमी येतो. पण कॅमेऱ्याला प्लेट दिसावी लागते, रेडिओला तशी गरज नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून जाहीर केलेला मुख्य विषय आता भरभर मांडतो. अमेरिकेतील रटगर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१० मध्येच धावत्या गाडीचे हे संदेश सुमारे ४० मीटरवरून टिपून दाखवले, आणि खोटा संदेश पाठवून इशाऱ्याचा दिवाही लावून दाखवला. उपाय अवघड नाही : मोबाइलचे ब्लूटूथ आपला पत्ता ठरावीक काळाने बदलू शकते, तसा चाकाचा क्रमांकही बदलता ठेवावा. काही गाड्या तर एबीएसला, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेला, कळणाऱ्या चाकगतीवरूनच हवेचा अंदाज घेतात. तिथे चाकातून रेडिओसंदेश जातच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, जिच्यावरून व्यक्ती ओळखता येते ती माहिती वैयक्तिक ठरते. चाकाचा क्रमांक एकदा नंबरप्लेटशी जुळवला की तोही तिच्यातच मोडला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सेन्सर काढून टाका, असे मी मुळीच म्हणत नाही. आंबा घाटात कमी हवेचा टायर जिवावर बेतू शकतो. नवी गाडी घेताना मात्र हवा कशी मोजली जाते आणि चाकाचा क्रमांक उघडा जातो का, हे दोन प्रश्न कंपनीला लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच मागा.