सहकारी समोर नसताना त्याचे नाव घ्या

नमस्कार. कामाच्या ठिकाणी सहकाऱ्यांशी उदारपणे वागायचे म्हणजे नेमके काय करायचे, आणि तसे वागल्याने आपलेच नुकसान होत नाही का, ही विचारणा तुमच्याकडून सातत्याने होत आहे. विचारणाऱ्यांमध्ये ऐरोली-महाप्याच्या आयटी कंपन्यांतले लोक आहेत, रबाळे-तुर्भ्याच्या कारखान्यांतले आहेत आणि वागळे इस्टेटमधल्या लहान वर्कशॉपमधलेही आहेत, म्हणून आज या एकाच विषयावर बोलणार आहे.

नेहमीच्या गोष्टी चटकन सांगून टाकते. डबा वाटून खावा, नव्याने रुजू झालेल्याला रजेचा अर्ज कुठे भरायचा ते दाखवावे, कोणाच्या घरी आजारपण असेल तर पाळी बदलून घ्यावी, ठाणे-वाशी लोकल रखडून कोणाला उशीर झाला तर त्याचा निरोप साहेबांपर्यंत पोहोचवावा. ही माणुसकी आपल्याकडे भरपूर आहे. वाढदिवसाच्या वर्गणीला सहसा कोणी नाही म्हणत नाही. परंतु कामाचे श्रेय देण्याची वेळ आली की हीच चांगली माणसे हात आखडता घेतात. सहकारी खोलीत नसताना वरिष्ठांसमोर त्याचे नाव घेणे, त्याच्या कामासह घेणे, ही माझ्या मते सर्वांत अवघड उदारता आहे.

मी लेखा विभागात काम करते, म्हणून तिथलेच उदाहरण देते. जीएसटीआर-२बी हे विवरण, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटीत दाखवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांची यादी, दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बी या कर भरण्याच्या विवरणपत्राची मुदत साधारणतः २० तारखेची असते. मधल्या दिवसांत कोणीतरी एकेक बिल ताडून पाहते, अमुक पुरवठादाराने आपले बिल दाखवलेलेच नाही हे शोधून काढते आणि तो ते दाखवेपर्यंत त्याच्या मागे लागते, कारण तोवर त्या बिलावरचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. साहेबांच्या टेबलावर मात्र अंतिम आकडाच जातो. तो आकडा नेणाऱ्याने “ही तफावत अमक्यांनी शोधली” एवढे म्हटले नाही, तर तफावत शोधणाऱ्या माणसाचा पत्ताच कोणाला लागत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी ते वाक्य माझ्यासाठी उच्चारले होते. त्या बैठकीला मी नव्हते आणि त्यांनी मला ते कधी सांगितलेही नाही. पुढे लेखापरीक्षक आले तेव्हा साहेबांनी त्यांना थेट माझ्याकडे पाठवले, तेव्हा मला उलगडा झाला. त्यांच्याबद्दलचा आदर आजही तितकाच आहे.

“आम्ही टीमने केले असे सांगतो, मग अन्याय कुठे होतो?” असे अनेकांनी लिहिले आहे. मला हे पटत नाही, आणि दर वेळी ऐकताना वाईट वाटते. बैठकीत बोलणारा एकच असतो, ऐकणाऱ्यांच्या लक्षात तोच राहतो, त्यामुळे टीमच्या नावे दिलेले श्रेय फिरून त्याच्याच पदरात पडते. “त्यांनी खूप मदत केली” हेही पुरेसे नाही, कारण कोणती मदत हे कळल्याशिवाय वरिष्ठ त्याची दखल कशी घेणार?

हीच गोष्ट कारखान्यात पाहा. पॅकिंग लाइनवरच्या मोटरच्या बेअरिंगचा आवाज बदलल्याचे रात्रपाळीच्या हेल्परच्या कानाने टिपले, त्याने ऑपरेटरला सांगितले आणि मोटर जळण्याआधी बेअरिंग बदलले गेले. लॉगबुकमध्ये “बेअरिंग तपासून बदलले” इतकीच नोंद झाली, तर सकाळच्या पाळीला आणि मेंटेनन्सला त्या हेल्परचा पत्ताही लागणार नाही. त्याच नोंदीत “आवाज हेल्परने ओळखला” असे त्याच्या नावासह लिहिले, तर पुढच्या वेळी तो काही सांगू लागला की मेंटेनन्सवाले कान देतील.

आता प्रसूती रजेचा विचार करा. २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. सप्टेंबरच्या अखेरीस रजेवर गेलेली सहकारी मार्चच्या अखेरीस परतते, म्हणजे जिथे अप्रेझलची तयारी आर्थिक वर्षाच्या अखेरीस होते तिथे ती नेमकी त्याच काळात कार्यालयात नसते. एप्रिलपासून सहा महिने तिने उभे केलेले काम तोवर दुसऱ्याच्या हाती गेलेले असते. ते काम ज्याच्या हाती आहे त्याने अहवालात पायाभरणी कोणाची हे स्वतःहून लिहिले पाहिजे, कारण ती बाळाला सांभाळत असताना तिच्या वतीने बोलणारे दुसरे कोणी नसते.

“लोक फायदा घेतील” ही भीती मी समजू शकते. मात्र दुसऱ्याची फाइल रोज रात्री उशिरापर्यंत बसून पूर्ण करून द्या, असे मी म्हणत नाही. त्याला नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. नाव घेतल्याने तुमचे काम वाढत नाही, आणि तुम्ही केलेले काम कमीही होत नाही. आपण इतरांची नावे घेतो आणि आपले कोणी घेत नाही, असे होत असेल, तर वरिष्ठांना आपले काम लेखी कळवण्यात काहीही गैर नाही.

वागळे इस्टेटमधील एका प्रेक्षकाने कंत्राटी कामगारांविषयी विचारले आहे. त्यांचा मालक कंत्राटदार असल्यामुळे कंपनीच्या अप्रेझलमध्ये त्यांचे नाव सहसा नसते, म्हणून तोंडी कौतुक तिथे वाऱ्यावर जाते. अशा वेळी कंत्राटदाराच्या सुपरवायझरला मेल पाठवावा, त्यात तारीख, यंत्र आणि त्या कामगाराने केलेले नेमके काम लिहावे, आणि एचआरची परवानगी घेऊन त्याची छापील प्रत कामगाराला द्यावी. कंत्राट बदलले की नव्या कंत्राटदाराला त्याच्या कामाची काहीच माहिती नसते, आणि मशीनवर कोणाला ठेवायचे आणि झाडलोटीला कोणाला पाठवायचे हे तिथे पहिल्या आठवड्यातच ठरते.