शहाणं मूल

(दृश्य: डे-केअर वॉर्ड, दुपार.)

सकाळी हर्नियाचं ऑपरेशन झालेला दोन वर्षांचा मुलगा आईच्या मांडीवर बसून बिस्कीट खातोय. आजी म्हणते, "बघा, काही दुखत नाही माझ्या बाळाला!"

दुखत नाही, कारण भूलतज्ज्ञांनी माकडहाडाच्या जरा वर एक इंजेक्शन दिलंय, कॉडल ब्लॉक. त्यानं टाक्यांची जागा चार ते सहा तास बधिर राहते. बधिरपणा उतरतो तो बहुधा घरी पोचल्यावर, दिवेलागणीला. म्हणून वेदनाशामक औषधाचा पहिला डोस रडण्याची वाट न बघता, त्याआधीच पोटात जायला हवा. पुढचे डोस डॉक्टरांनी दिलेल्या वेळांना.

(दृश्य: टेबलावर औषधाच्या दोन बाटल्या.)

पॅरासिटामॉलचा एक डोस साधारण किलोमागे 15 मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान चार तास, 24 तासांत चारच. दहा किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम. ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्ये बहुधा 100 मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये बहुधा 125 किंवा 250. म्हणजे ड्रॉप्स दीड मिलिलिटर, 125चं सिरप सहा मिलिलिटर. या सिरपच्या मापानं ड्रॉप्स पाजले, तर औषध चौपट जातं! लेबल दोनदा वाचा, सुईविना सिरिंजनं मोजा. घरात उरलेलं निमेसुलाइड, हे दुसरं वेदनाशामक, मुलाला नकोच. 12 वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात त्यावर 2011 पासून बंदी आहे.

(दृश्य: रात्र. मंद दिवा.)

एके काळी डॉक्टरही मानत, तान्ह्यांना वेदना फारशा कळत नाहीत. कित्येक नवजात बाळांची ऑपरेशनं जेमतेम भुलीवर होत. भारतातून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी 1987 साली दाखवलं, की पुरेशी वेदनाशामक भूल मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऑपरेशननंतर कमी त्रास होतो.

आता रुग्णालयात परिचारिका पाच गोष्टी बघतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, आणि जवळ घेतल्यावर मूल शांत होतं का. हे पाहणं घरीही जमतं. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गप्प मुलाची. पाय पोटाशी घेऊन, कपाळाला आठ्या घालून ते निपचित पडतं, आणि आपण म्हणतो, किती शहाणं!

पाय हळूच सरळ करून बघा. त्यानं पुन्हा आखडून घेतले, तर घड्याळ बघा. पुढच्या डोसची वेळ झाली असेल. डोस देऊन तासाभरानंही पाय आखडलेलेच राहिले, ताप चढला किंवा टाक्यांजवळ सूज वाढली, तर सकाळ होईपर्यंत थांबू नका. फोन लावा.